राग गिळल्याने राग आवरला जात नाही

तुमची परिस्थिती थोडक्यात सांगते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. मोठी मुलगी तीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. दिवसभर तुम्ही मन घट्ट करून आवाज चढू देत नाही. संध्याकाळी पाणी सांडण्यासारख्या फुटकळ कारणावरून मात्र असा भडका उडतो की मुलगी दचकून गप्प होते. ती झोपल्यावर तुम्हाला रडू येतं. परवा ती बाहुलीवर अगदी तुमच्या सुरात ओरडताना दिसली आणि तुमच्या पोटात गोळा आला. माझ्या रागाचा तिच्यावर कायमचा परिणाम होईल का, आणि मी शांत कशी राहू, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

एखाद्या संध्याकाळच्या ओरडण्याने मूल कायमचं बिघडत नाही. परिणाम होतो तो महिनोन्‌महिने चालत राहिलेल्या वळणाचा, आणि वळण बदलता येतं. दुसऱ्या प्रश्नाबद्दलचं माझं म्हणणं तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. लहान मुलांच्या आयांबरोबर समुपदेशक म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की शांत दिसण्याची जी कसरत तुम्ही दिवसभर करताय, तीच संध्याकाळच्या भडक्याला मोठा हातभार लावते.

त्याकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. बाळ आठ महिन्यांचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा त्रास होतो. नैराश्य म्हटलं की आपल्यासमोर कोपऱ्यात रडत बसलेली बाई येते. प्रत्यक्षात कितीतरी जणींमध्ये ते चिडचिडीच्या रूपात दिसतं आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून डॉक्टरांना भेटा. ते बहुधा एडिनबरा प्रश्नावली, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची प्रश्नावली, भरून घेतील. १९८७ साली तयार झालेली ही १० प्रश्नांची प्रश्नावली मागच्या सात दिवसांबद्दल विचारते. तिच्यात रागाबद्दल थेट प्रश्न नाही, त्यामुळे चिडचिडीबद्दल तुम्ही स्वतःहून सांगा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासायला सांगा. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडू शकतं आणि त्याने थकवा, चिडचिड वाढते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टर गाठा. आणि बाळ रडत असताना हातातला ताबा सुटतोय असं वाटलं, तर त्याला पाळण्यात पाठीवर ठेवून काही मिनिटं खोलीबाहेर जा. बाळ थोडा वेळ रडलं तर त्याला धोका नाही. त्याला गदागदा हलवण्यात जिवाचा धोका आहे.

आता राग गिळण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना किळस येईल अशी चित्रफीत दाखवली आणि त्यातल्या काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. त्यांना ते जमलं, चेहरे शांत राहिले. पण किळस तसूभरही कमी वाटली नाही आणि शरीरातली घामासारखी ताणाची लक्षणं उलट वाढली. २००० साली ग्रॉस आणि जेन रिचर्ड्स यांनी दाखवलं की भावना अशी दाबून धरताना समोर काय बोललं गेलं हे माणसाला नीट आठवत नाही, कारण लक्ष चेहरा सांभाळण्यात गुंतलेलं असतं. २००३ सालच्या एमिली बटलर यांच्या अभ्यासात एकमेकींना अनोळखी अशा स्त्रियांच्या जोड्या एका अस्वस्थ करणाऱ्या विषयावर बोलत होत्या. एकीने भावना दाबून धरली की समोरचीचा रक्तदाब वाढत होता. समोरचीला तर अशी काही सूचना दिलेली आहे याचा पत्ताही नव्हता.

हे प्रौढांचं झालं. लहान मुलं तर आईचं शरीर शब्दांआधी वाचतात. सारा वॉटर्स, टेसा वेस्ट आणि वेंडी मेंडिस यांच्या २०१४ च्या अभ्यासात १२ ते १४ महिन्यांच्या बाळांना थोडा वेळ आईपासून वेगळं ठेवलं. तेवढ्यात काही आयांना नापसंती दाखवणाऱ्या परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं. बाळाला पुन्हा आईच्या मांडीवर दिल्यावर तिच्या शरीरातल्या ताणाचा पडसाद बाळाच्या हृदयाच्या नोंदीत उमटला. ताण देणारा प्रसंग बाळाने पाहिलेलासुद्धा नव्हता.

मला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे कसं दिसतं ते सांगते. आई मुलीचा अंगरखा बदलते आहे. ओठ घट्ट मिटलेले, बटणं नेहमीपेक्षा भराभर लावली जातायत, शेवटचं बटण लावताना कापड जरा जोरात ओढलं जातं. मुलगी विचारते, "आई, तू रागावलीस?" आई म्हणते, "नाही गं, काही नाही." मुलगी आईच्या जबड्याकडे बघत राहते. मग ती हात सोडवून घेते आणि लावलेलं बटण काढते. आई पुन्हा लावते. ती पुन्हा काढते. बाहेरून बघणारा म्हणेल की मुलगी हट्टी आहे. मला वाटतं ती उत्तर शोधतेय. तिला जे दिसतंय आणि जे सांगितलं जातंय ते जुळत नाही, म्हणून खरं काय ते बाहेर येईपर्यंत ती ताणत राहते. शेवटी आई फुटते, आणि एका अर्थाने मुलीला उत्तर मिळतं.

त्या जागी एवढंच म्हणता येतं: "हो, मला राग आलाय. पाणी सांडलं म्हणून आलाय. मी जरा इथे बसते, मग आपण दोघी मिळून पुसू." आवाज सपाट, वाक्यं छोटी. राग नाकारला नाही आणि तिच्यावर ओतलाही नाही. मनात आलेलं सगळं ओकून मोकळं व्हावं, असा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. ओरडून राग निवळत नाही, उलट भडकतो. रागाचं नाव घ्यायचं, कारण सांगायचं आणि पुढे काय होणार ते सांगायचं, एवढं पुरतं. तीन वर्षांच्या मुलीला यातून कळतं की राग येतो, त्याला कारण असतं आणि तो ओसरतो.

पण नेमक्या त्या क्षणी हे सुचायला हवं ना? म्हणून खरं काम त्या क्षणाच्या आधी करायचं असतं. भावना कशी घडते याची ग्रॉस यांनी १९९८ मध्ये पाच टप्प्यांत मांडणी केली: कोणत्या परिस्थितीत जायचं, तिच्यात काय बदलायचं, लक्ष कुठे द्यायचं, घडलेल्याचा अर्थ काय लावायचा आणि सर्वांत शेवटी, उसळलेल्या भावनेचं काय करायचं. राग गिळणं या शेवटच्या टप्प्यावर येतं. दूध उतू जायला लागल्यावर झाकण दाबून धरावं, तसं ते आहे. आच कमी करायची तर आधीच्या चार टप्प्यांवर जायला हवं, आणि माझ्या अनुभवात बहुतेक आयांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांना फक्त "शांत राहा" एवढंच ऐकायला मिळतं.

अर्थ लावण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे सगळ्यात जास्त हाती लागतं. तुम्ही बाळाला पाजायला बसलात की मुलगी बूट फेकते. त्याच सेकंदाला मनात एक वाक्य उमटतं: "मुद्दाम करते, मला छळायला." या वाक्याला राग येणारच. एस्थर लीर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांच्या रडण्यावर आया कशा प्रतिसाद देतात याचा बराच अभ्यास केला आहे. स्वतःच्या भावना सांभाळणं जड जाणाऱ्या आयांच्या मनात बाळाच्या गरजेपेक्षा स्वतःच्या त्रासाचा विचार जास्त येतो, हे बाळ मुद्दाम करतंय किंवा उगाच रडतंय असा अर्थ त्या लावतात, आणि त्यांचा प्रतिसाद बाळाच्या गरजेला कमी जुळतो, असं त्यांत दिसतं.

तुमच्या मनातलं वाक्य काय आहे ते आधी पकडा. कागदावर लिहून काढा, जसंच्या तसं, कितीही कडू असलं तरी. मग त्याच प्रसंगाचं दुसरं वाक्य शोधा, पण ते खरं असलं पाहिजे. "माझी मुलगी किती गोड आहे" हे त्या क्षणी खोटं आहे, मन ते झटकून टाकेल. "तिला अजून थांबता येत नाही, आणि थांबावं लागतंय ते तिला नको असलेल्या भावामुळे" हे खरं आहे. तीन वर्षांच्या मुलाची स्वतःला रोखून धरण्याची क्षमता खरोखरच कच्ची असते. अर्थ बदलला म्हणजे बूट फेकण्याला परवानगी दिली, असं नाही. बूट उचलून ठेवायचा, "बूट फेकायचा नाही" हे सांगायचं. फरक पडतो तो आवाजात आणि हाताच्या जोरात.

आता संध्याकाळच का? किर्बी डीटर-डेकार्ड यांच्या गटाने २०१० मध्ये जुळ्या मुलांच्या आयांचा अभ्यास केला. दोन मुलांपैकी जास्त त्रास देणाऱ्याशी आई किती जास्त नकारात्मक वागते, हे त्यांनी पाहिलं. हा फरक ठळक होता तो ज्या आयांची कार्यकारी स्मृती, म्हणजे अनेक गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता, कमी होती त्यांच्यात. यातून मी घेते ते असं: मुलाच्या वागण्यावर लगेच उसळू नये यासाठी डोक्यात थोडी मोकळी जागा लागते. तुटक झोप, कानाशी रडणं, एकीकडे पाजणं आणि एकीकडे मुलीचे प्रश्न, वर घड्याळ पुढे सरकतंय. संध्याकाळी ही जागा उरलेलीच नसते. तुमच्यात माया कमी आहे असा याचा अर्थ लावू नका.

म्हणून काही दिवस एवढंच करा: भडका उडाला की नंतर त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय काय चाललं होतं ते टिपून ठेवा. मुलीने काय केलं हे नको, तुमच्याकडे एकाच वेळी किती मागण्या होत्या ते लिहा. तुम्ही शेवटचं कधी खाल्लंत, बसलात कधी, फोन हातात होता का. आया हा कागद आणतात तेव्हा बहुधा एकच तासाभराची पट्टी पुन्हा पुन्हा दिसते आणि तिच्यात दोन-तीन कामं एकमेकांवर चढलेली असतात. त्यातलं एक हलवा. मुलीची अंघोळ सकाळी करा. पाजायला बसण्याआधी तिच्यासाठी एक ठरलेली टोपली काढून ठेवा, जी फक्त तेव्हाच मिळते. एखादं काम त्या तासात होणारच नाही असं ठरवून टाका. हे उपाय फार साधे दिसतात म्हणून लोक ते सोडून श्वासाच्या व्यायामांकडे धावतात. श्वासाचा उपयोग आहेच. लांब, सावकाश उच्छ्वासाने धडधड थोडी खाली येते. पण ज्या तासात तीन कामं एकमेकांवर आदळतात, तिथे एकटा श्वास पुरा पडत नाही.

मुलगी आक्रस्ताळेपणा करते तेव्हाची एक माहिती बऱ्याच आयांना धीर देऊन जाते. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा प्रसंगांची पालकांनी लिहिलेली वर्णनं तपासली. ते काम २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. सुमारे तीन-चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपत होते. राग सुरुवातीलाच शिगेला पोचून ओसरत होता, दुःख मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकत होतं आणि शेवटाकडे मूल जवळ येऊ बघत होतं. म्हणजे किंचाळणं जोरात असताना समजावणं, प्रश्न विचारणं, अटी घालणं फुकट जातं आणि तुमचाही पारा चढतो. तेव्हा जवळ राहा, तिला लागणार नाही एवढं बघा, थोडकं बोला. आवाज हुंदक्यांवर आला की हात पुढे करा.

बाहुलीचं. तिला रागावू नका, थांबवूही नका. मुलं पाहिलेलं खेळात परत मांडतात, तसंच ती हे मांडते आहे. शेजारी बसा आणि विचारा, "बाहुलीला कसं वाटलं?" ती काय म्हणते ते ऐका, स्वतःची बाजू मांडायला जाऊ नका. ओरडून झाल्यावर ती बाहुलीला जवळ घेते का, हे मी आवर्जून बघते. घेत असेल तर घरात भांडणानंतर जवळ येणंही तिने पाहिलेलं आहे. नुसतंच ओरडणं पुन्हा पुन्हा चालू असेल, तर तिला पुढचा भाग दाखवायला हवा, आणि तो खेळात नाही, प्रत्यक्षात दाखवायचा.

मुलं आपला चेहरा किती मनावर घेतात याचा एक जुना प्रयोग आहे. १९८५ मध्ये जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी एक वर्षाच्या बाळांना अशा काचेवर ठेवलं, जिच्याखाली थोडी खोली दिसत होती. पुढे जावं की नाही अशी शंका यावी एवढीच. पलीकडे आई उभी. आईचा चेहरा आनंदी असताना १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. चेहऱ्यावर भीती असताना १७ पैकी एकही गेलं नाही. आई एक शब्दही बोलली नव्हती. मी हा प्रयोग आयांना सांगते तेव्हा काहींना अपराधी वाटतं. मी तो सांगते ते उलट्या कारणासाठी: जे मूल तुमचा राग इतक्या बारकाईने वाचतं, ते तुमचं परत येणंही तितक्याच बारकाईने वाचतं.

परत येण्याबद्दल एडवर्ड ट्रॉनिक यांचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात आई काही वेळ बाळासमोर निर्विकार चेहरा ठेवते आणि बाळ तिला परत आणण्यासाठी हसतं, हात पुढे करतं, शेवटी तोंड फिरवतं. तो प्रयोग प्रसिद्ध आहे. पण त्यांची दुसरी नोंद आयांपर्यंत कमी पोचली आहे: एरवी सगळं नीट चाललेलं असतानासुद्धा आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेली असतात ती साधारण ३० टक्के वेळच. उरलेला वेळ चुकामूक, आणि चुकामुकीनंतर पुन्हा जुळणं. बाळ या पुन्हा जुळण्यातून शिकतं. चुकामूक अजिबात होऊ द्यायची नाही, ही अट आयांनी स्वतःवर लादून घेतलेली असते. बाळाने ती कधी घातलेली नसते.

ओरडून झाल्यावर तुमचं डोकं ताळ्यावर आलं की तिच्या उंचीला बसा आणि म्हणा, "मी खूप जोरात ओरडले. तू घाबरलीस. तसं ओरडायला नको होतं." थांबा. "पण तू ऐकलं असतंस तर" हे शेपूट जोडू नका. पाणी सांडण्याबद्दल बोलायचं असेल तर ते नंतर, वेगळं. तिच्यासमोर रडून माफी मागत बसणंही टाळा. तसं झालं की तीन वर्षांची मुलगी तुमचे डोळे पुसायला लागते, आणि ज्याला सावरायचं होतं तेच मूल सावरणारं होऊन बसतं. ती लगेच मिठीत आली नाही तर ओढू नका. जवळपास राहा, ती येईल.

अपराधीपणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करते. आईचं स्वतःच्या भावना सांभाळणं आणि तिचं मुलांशी वागणं यांचा संबंध अनेक अभ्यासांमध्ये पुन्हा पुन्हा दिसला आहे, पण तो प्रचंड मोठा नाही. मुलाच्या वाढीत इतरही पुष्कळ गोष्टी असतात. शिवाय रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं की परिणाम दोन्ही बाजूंनी होतो: चिडकं, कमी झोपणारं मूल आईलाही घडवतं. आणि अभ्यास बहुतेक आयांचेच झाले, कारण प्रयोगशाळेत मुलाला घेऊन आई येत होती. वडिलांचा राग मुलांपर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये.

त्यावरून, तुमच्या नवऱ्याने काय करावं ते. भडका उडाल्यावर "शांत हो" म्हणणं आणि मुलीसमोर "बघ, आईला किती राग येतो" म्हणणं, दोन्ही बंद. त्या तासात घरी असेल तर त्याने न विचारता एक मूल उचलावं आणि दुसऱ्या खोलीत जावं. तुम्ही दोघांनी एक खूण ठरवा, दोन बोटं वर किंवा ठरलेला एक शब्द, जिचा अर्थ "आत्ता घे" एवढाच असेल आणि त्यावर तेव्हा चर्चा होणार नाही. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला हीच खूण शिकवा. आणि रात्रीच्या झोपेतला एक तरी सलग तुकडा तुमचा असावा, त्यात बाळाकडे बघण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची असावी. हे सोय म्हणून मागू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध जितक्या नेमाने देतात, तितक्या नेमाने हे व्हायला हवं.

तीन-चार आठवड्यांनी किती वेळा ओरडलात ते मोजू नका. ओरडल्यानंतर तुम्ही दोघी किती वेळात पुन्हा एकमेकींजवळ आलात आणि कोण आधी आलं, ते बघा. तुमच्याकडून जाणं वाढत असेल आणि मधला वेळ घटत असेल तर दिशा बरोबर आहे. काहीच हललं नाही, किंवा मुलगी तुम्हाला पाहून बिचकायला लागली, झोप किंवा शी-शूच्या सवयी मागे गेल्या, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. मुलांच्या भावनांना प्रतिसाद कसा द्यायचा हे पालकांना शिकवणारे गटवर्गही असतात. मेलबर्नमध्ये सोफी हॅविगहर्स्ट यांनी विकसित केलेला 'ट्यूनिंग इन टू किड्स' हा सहा सत्रांचा कार्यक्रम त्यांतला अभ्यासांनी तपासलेला एक आहे. भेटीला जाल तेव्हा संध्याकाळच्या नोंदींचा तो कागद बरोबर न्या आणि मनात उमटणारी वाक्यंही न गाळता दाखवा. आया नेमकी तीच लाजून खोडतात, आणि समोर बसलेल्या माणसाला सुरुवात तिथूनच करायची असते.